नेर्न, अलेक्झांडर किड

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील ब्रिटिश अधिकारी, कोकणचा इतिहासकार व सपुष्प वनस्पतींचा अभ्यासक. सेवा सोडल्यानंतर तो ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला.

द कोंकण : ॲन हिस्टॉरिकल स्केच (१८७५) हा त्याचा इतिहासग्रंथ. प्राचीन कल्याण बंदर, शिलाहारकालीन ठाणे, पोर्तुगीज अंमल, मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे व १७३९ मध्ये वसई जिंकणे आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतलेले ठाणे, असा त्याचा व्यापक विषय होय. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये या ग्रंथाचे वारंवार आधार दिलेले आढळतात. पुढे १८९६ मध्ये मुंबई गॅझेटिअरच्या पहिल्या खंडाच्या दुसऱ्या भागात त्याचा कोकणचा इतिहास रा. गो. भांडारकर व जे. एफ. फ्लीट यांच्या लेखनाबरोबर समाविष्ट झाला. तेथे त्याच्या नावामागे ‘रेव्हरंड’ ही उपाधी आहे.

द फ्लॉवरिंग प्लांट्स ऑफ वेस्टर्न इंडिया (१८९४) हा त्याचा वनस्पतिविषयक ग्रंथ. त्यापूर्वी डॅल्झेल व गिब्सन यांचा बॉम्बे फ्लोरा (१८६१) उपलब्ध होता. हूकरचा ब्रिटिश भारताच्या वनश्रीवरील सप्तखंडात्मक ग्रंथ १८७२–९७ या काळात प्रसिद्ध होत होता. पश्चिम भारतापुरते वर्णन एका खंडात आणल्याने नेर्नचा ग्रंथ जिज्ञासू वाचकासही सोयीचा झाला.

इंग्लंडमध्ये जॉन रे व हेन्स्लो यांच्यापासून धर्मोपदेशक-वनस्पतिज्ञांची परंपरा होती. मुंबईच्या सेंट झेव्हिअर महाविद्यालयातील एथेलबर्ट ब्लाटर (१८७७–१९३४) व हेर्मेनेगिल्ड सांतापाव (१९०३–७०) या धर्मगुरूंनी ती पुढे पश्चिम भारतात चालविली. वनस्पतिविज्ञान हेच त्यांचे अध्यापन व संशोधनक्षेत्र होते. नेर्न मात्र प्रशासनाकडून या विषयाकडे वळला.

थिओडोर कुकच्या मुंबई इलाख्याच्या वनश्रीवरील ग्रंथामुळे (१९०१–०८) नेर्नचे वनस्पतिवर्णन मागे पडले. वा. वि. मिराशी यांनी संपादिलेल्या शिलाहार लेखसंग्रहानंतर (१९७७) त्याचा शिलाहारविषयक भागही अपुरा ठरतो. शिवाय राज्यकर्त्याची दृष्टी त्यात आहेच. तथापि लोहमार्ग १८५३ मध्ये ठाण्यास व १८५४ मध्ये कल्याणला पोहोचला आणि पुढे ठाणे, डोंबिवली व कल्याण यांमधील शेते, खाजणे व झाडोरा यांची जागा मोठ्या प्रमाणावर वस्तीने घेतली. या स्थित्यंतराच्या आरंभकाळातील कोकणचा इतिहास आणि वनश्री या दोहोंची एकाच अभ्यासकाने केलेली नोंद म्हणून नेर्नचे लेखन आजही उपयुक्त आहे.