दोरी धरणारे हात

‘मायाबाजार’ समोरून पाहिला की घटोत्कच दिसतो. ताटातले लाडू आपणहून उठतात आणि त्याच्या तोंडात जाऊन पडतात, नारद ढगावर बसून खाली उतरतो, दोन बाण अधांतरी आदळतात आणि ठिणगी उडते. मागून पाहिला की वेगळीच माणसं दिसतात. हैदराबादच्या पब्लिक गार्डनमध्ये, ललित कला तोरणमच्या खुल्या मंचावर, सुरभी नाटकमंडळींचा हा खेळ मी विंगेतून पाहिला तेव्हा नारदाचा ढग सत्तरीपलीकडचे एक आजोबा कप्पीवरून सोडत होते. दोर तळव्यातून बोटबोट सरकत होता आणि ओठ नारदाचे संवाद पुटपुटत होते. ढग टेकला. आजोबांनी शेजारच्या पोराच्या हातात दोर दिला आणि मराठीत म्हणाले, “घट्ट धर. मी सांगेपर्यंत सोडू नको.”

मंचावर तेलुगू आणि विंगेत मराठी, हे सुरभीत पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. वनारसा, रेकंदर, सिंधे अशा आडनावांची ही कुटुंबं. आरे मराठी म्हणून ती ओळखली जातात. आमचे पूर्वज शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आले, असं त्यांच्या घरोघरी सांगतात. काचीगुड्याच्या आमच्या घरात माझे आजोबाही हे सांगायचे आणि लगेच पुढची कडी जोडायचे. 1677 साली महाराज भागानगरला, म्हणजे याच शहरात आले आणि गोवळकोंड्याच्या तानाशहाला भेटले. भागवत मंडळींचं नृत्यनाट्य पाहून कुचिपुडी गाव त्यांना इनाम देणारा सुलतानही हाच, असं कुचिपुडीची परंपरा मानते. “फौज आली आणि परत गेली, पण खेळ करणारे इथेच राहिले,” असं माझे आजोबा म्हणायचे. फौजेच्या गोष्टीला कागद मिळो न मिळो, घरातली बोली टिकली आहे.

या कुटुंबांचा मूळ धंदा चामड्याच्या बाहुल्यांचा, तेलुगूत ज्याला तोलुबोम्मलाट म्हणतात. कातडं खरवडून उजेड आरपार जाईल इतकं पातळ करायचं, दोन्ही अंगांनी रंगवायचं, मागे दिवे लावायचे आणि पांढऱ्या पडद्यावर रामायण-महाभारत उभं करायचं. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर मंडळींनीही चामड्याच्या बाहुल्या अशाच जपल्या. या खेळात माणूस दिसतच नाही. गाणारा, बोलणारा, वाजवणारा, बाहुली नाचवणारा, सगळे पडद्याच्या मागेच.

1885 साली कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात एका लग्नानिमित्त वनारसा गोविंदराव आणि त्यांच्या माणसांनी ‘कीचकवधम्’ हे नाटक केलं आणि बाहुल्या खाली ठेवून माणसं पडद्यापुढे आली. गावाचं नाव मंडळीला चिकटलं. मराठी वाचकाला इथे खाडिलकरांचं ‘कीचकवध’ आठवेल. ते 1907 साली रंगभूमीवर आलं आणि 1910 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यावर बंदी घातली. खाडिलकरांच्या नाटकाच्याही बावीस वर्षं आधी, कडप्पाच्या रानात, घरी मराठी बोलणाऱ्या माणसांनी तेलुगूत कीचक मारला होता.

सांगलीला 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ करणारे विष्णुदास भावेही बाहुल्यांचे कारागीर होते. म्हणजे मराठी रंगभूमीच्या या दोन्ही टोकांना बाहुली आहे. सुरभीने मात्र पडद्यापुढे येताना मागची विद्या सोडली नाही. बाहुलीच्या हातातला बाण जसा मागून चालवायचा, तसाच माणसाच्या हातून सुटलेला बाणही मागूनच चालवला. त्या रात्री मी तो बाण जवळून पाहिला. मंचाच्या आडव्या अंगाला काळी, बारीक तार ताणलेली. दोन विंगांत दोन माणसं. नटाने प्रत्यंचा ओढली की त्याच क्षणी मागच्याने झटका द्यायचा. अर्धा श्वास उशीर झाला तर अर्जुनाचं हसू होतं. दोघांना एकमेकांची तोंडंही दिसत नव्हती. दोघंही पायपेटीच्या सुरावर हात मोजत होते.

विंगेत भेटलेल्या त्या आजोबांचं सगळं आयुष्य याच मंचाच्या दोन्ही अंगांना गेलं. त्यांच्या मंडळीत मूल चालू लागलं की बालकृष्ण होतं. मिसरूड फुटलं की अभिमन्यू. आवाज भरला की कृष्ण, अर्जुन, कधी हिरण्यकश्यपू. गुडघे दुखू लागले की तबला, पायपेटी, रंगाचे डबे, दोर. “मागे आलो म्हणजे कमी झालो, असं आमच्यात कुणी मानत नाही,” ते म्हणाले. “पुढे असताना माझं एकट्याचं काम पाठ होतं. मागे आलो तेव्हा सगळं नाटक पाठ झालं.” मला ही त्यांच्या धंद्याची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. ज्याने कधीतरी ढगावर बसून खाली पाहिलं आहे, तोच वरचा दोर नीट सोडतो. कुठे पोटात गोळा येतो, हे त्याला ठाऊक असतं.

पूर्वी मंडळी गावाबाहेर पत्र्यांचं थिएटर उभारून महिनोन्‌महिने राहायची. पडदे रंगवणं, मुकुटाला नवी चमकी चिकटवणं, फाटकी झालर शिवणं, पन्नास माणसांचा भात शिजवणं, सगळं घरच्याच हातांनी. आपल्या रंगभूमीवर पुरुष स्त्रीपार्ट करत होते त्या काळात सुरभीत आया, सुना, लेकी स्वतः सीता-द्रौपदी व्हायच्या. प्रवेश संपला की रंगपटात येऊन तान्ह्याला पाजायचं आणि पुढच्या प्रवेशाला उभं राहायचं.

कमलाबाईंची गोष्ट याच काळातली. 1932 साली पडद्यावर आलेल्या ‘भक्त प्रल्हाद’ या पहिल्या तेलुगू बोलपटात लीलावती झालेली ही सुरभीची लेक. वडीलधारे सांगतात की तिची आई दमयंतीचं काम करत असताना मंचावरच कळा सुरू झाल्या आणि पोरगी तिथेच जन्मली. ही गोष्ट आजवर अनेकांनी सांगितली. विंगेतल्या आजोबांनी ती सांगितली तेव्हा त्यात मला पहिल्यांदाच पडदा पाडणारा भेटला. “कुणीतरी ओळखलं ना, की हा अभिनय नव्हे? कुणीतरी दोर सोडला. बायका धावल्या. आमच्या घरात त्या माणसाला मान आहे.”

एके काळी तीसहून अधिक सुरभी मंडळ्या आंध्रभर फिरत होत्या. सिनेमा आला, मग टीव्ही आला, आणि आता हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या. हैदराबादला लिंगमपल्लीजवळ सुरभी कॉलनी आहे. बाबजी म्हणून ओळखले जाणारे रेकंदर नागेश्वरराव यांनी श्री वेंकटेश्वर नाट्यमंडळी इथे नेटाने चालवली. ब. व. कारंतांनी या मंडळीबरोबर ‘भीष्म’, ‘चंडीप्रिया’ अशी नाटकं बसवली. बाबजींना 2013 साली पद्मश्री मिळाली. 2022 मध्ये ते गेले. टाळेबंदीच्या काळात खेळ थांबले आणि ज्या घरात दुसरं उत्पन्नच नव्हतं तिथे चूल पेटवणं अवघड झालं. शिकलेली मुलं आता नोकऱ्या करतात आणि खेळाच्या दिवशी येऊन उभी राहतात. ते योग्यच आहे. पण तारेवर हात मोजायला रोजची सवय लागते, आणि तीच कमी होते आहे.

म्हणून मला मनापासून वाटतं की मराठी रंगभूमीच्या इतिहासात सुरभीला हक्काचं प्रकरण मिळायला हवं. नाटक तेलुगू असलं तरी ते उभं करणारी माणसं मराठीत एकमेकांना हाका मारत होती. हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने, मराठी ग्रंथसंग्रहालयाने, नाट्यशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी लिंगमपल्लीला जाऊन या वृद्धांजवळ बसावं, त्यांच्या गोष्टी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. आणि सुरुवात नायकांपासून करू नये. तार कोणी ताणली, ढग कोणी सोडला, कमलाबाई जन्मली तेव्हा पडदा कोणी पाडला, हे आधी विचारावं. नायकांची नावं जुन्या जाहिरातींत सापडतील. पडद्यामागची ही नावं फक्त सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसं आज सांगायला तयार आहेत.