समुपदेशनातील मुलाखत-कौशल्ये : एक ऐतिहासिक आढावा (उलवे परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :
पनवेल तालुक्यातील उलवे हा मूळचा आगरी-कोळी समाजाचा परिसर होय. 1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी येथील जमिनी संपादित होऊ लागल्या. जानेवारी 1984 मध्ये शेजारच्या उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा आदी दहा वसाहतींचे स्थलांतर झाले. 8 ऑक्टोबर 2025 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. शेती जाऊन भूखंड आला की वारसनोंद, बहिणीचा वाटा, सुनेचे स्थान हे प्रश्न घरातील कलहाचे रूप घेऊ शकतात. अशा कलहात समुपदेशकाने कसे ऐकावे, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात मुलाखत-कौशल्यांच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

चौकशीकडून श्रवणाकडे :
मेरी रिचमंड यांच्या 1917 सालच्या ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात मुलाखत हे प्रामुख्याने पुरावा गोळा करण्याचे साधन होते. कार्ल रॉजर्स यांनी 1942 पासून हा भर बदलला. समानुभूती, विनाअट स्वीकार आणि समुपदेशकाचा प्रामाणिकपणा यांना त्यांनी 1957 मध्ये परिवर्तनाच्या आवश्यक अटी मानले. त्याच वर्षी फेलिक्स बिस्टेक यांनी व्यक्तिसहाय्य कार्यातील संबंधांची सात तत्त्वे मांडली. गोपनीयता आणि सेवार्थीचा स्वयंनिर्णय ही त्यांपैकी दोन होत. प्रश्नाची भाषाही यामुळे बदलली. ‘तुम्ही घर का सोडले?’ या प्रश्नात दोषारोपाची छटा आहे; ‘त्या दिवशी काय झाले, ते सांगाल का?’ या प्रश्नात सेवार्थीला स्वतःची हकिकत स्वतःच्या क्रमाने सांगण्याची मोकळीक आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल :
1936 साली मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या संचालकत्वाखाली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. 1944 साली त्याचे टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले. 1946 मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. पुढचा महत्त्वाचा टप्पा 1984 चा. टाटा समाजविज्ञान संस्था व मुंबई पोलीस यांच्या सहकार्याने पोलीस यंत्रणेतच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पीडित स्त्री जेथे तक्रार घेऊन येते, तेथेच प्रशिक्षित समाजकार्यकर्ता तिचे ऐकण्यासाठी उपलब्ध झाला.

तटस्थतेची मर्यादा :
या अनुभवक्षेत्रात एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. दोन्ही बाजू समान अंतरावरून ऐकणे म्हणजे न्याय्य ऐकणे असते काय? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 व त्याखालील 2006 चे नियम यांनी त्याचे स्पष्ट उत्तर दिले. प्रतिवादीने पुन्हा हिंसा न करण्याची हमी द्यावी आणि समुपदेशनात हिंसेचे समर्थन करू नये, असे हे नियम सांगतात. तडजोडीचा प्रयत्नही पीडितेची इच्छा असेल तरच करावयाचा आहे. येथे स्वीकार व्यक्तीचा आहे, हिंसेचा नव्हे.

उलवे परिसरासाठी अर्थ :
आगरी-कोळी गावांत गावकीची परंपरा आहे. गावकीत प्रश्न सर्वांसमक्ष मांडला जातो आणि समेटाला महत्त्व असते. तिचे सामाजिक मूल्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी गोष्ट चारचौघांत सांगता येत नाही, तिला तेथे जागा मिळत नाही. समुपदेशकाची खोली ही त्या गोष्टीची जागा होय. म्हणून स्वतंत्र भेट, गोपनीयतेचे आश्वासन आणि आगरी बोलीची जाण या बाबी येथे कौशल्याचाच भाग ठरतात. ‘घरात माझा हिशेबच नाही’ असे एखादी स्त्री म्हणाली, तर ते भूखंडाविषयी आहे की तिच्या स्थानाविषयी, हे गृहीत न धरता तिलाच विचारले पाहिजे.

निष्कर्ष :
सारांश, मुलाखत-कौशल्ये ही केवळ तंत्रे नाहीत. कोण ऐकतो, कोठे ऐकतो आणि कोणाच्या वतीने ऐकतो, यावर त्यांचा अर्थ ठरतो. महाविद्यालयीन अध्यापनात ही कौशल्ये शिकवताना त्यांचा हा इतिहासही शिकवला जाणे आवश्यक आहे. अन्यथा विद्यार्थी प्रश्न विचारण्यास शिकतील, परंतु ऐकण्यास शिकणार नाहीत.