शड्डू ठोकण्यापूर्वी

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्यांना उर्से हे नाव टोलनाक्यामुळे माहीत असते. टोल देऊन गाडी पुढे जाते आणि पवन मावळातली गावे मागे राहतात. या भागात यात्रांचे दिवस आले, की दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. आधी रेवड्यांवरच्या चिमुकल्यांच्या कुस्त्या, मग वाढत्या इनामाच्या आणि शेवटी मानाची कुस्ती.

मागे उर्से परिसरातल्या अशाच एका आखाड्यात आम्ही दोन मुलांची जोड पाहिली. दोघेही बारा-तेरा वर्षांचे. एक जण सारखा उड्या मारत होता आणि मांड्यांवर थापा देत होता. दुसरा कडेला बसून जांभया देत होता. शेजारी बसलेले एक शिक्षक त्याला म्हणाले, “अरे, झोपतोस काय? पेटून ऊठ जरा!” आम्हालाही तो हरणार असेच वाटले होते. प्रत्यक्षात जांभया देणाऱ्यानेच समोरच्याला चीतपट केले.

एका कुस्तीवरून काही सिद्ध होत नाही. पण आमचा आणि त्या शिक्षकांचा अंदाज कशावर आधारलेला होता? लढतीपूर्वी मन कसे असावे, याची एक ठरीव कल्पना आमच्या डोक्यात होती. ही कल्पना कुठून आली आणि विज्ञानाने ती कशी बदलत नेली, हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

गळ गुंडाळणारी मुले

मल्लांचा पद्धतशीर विचार आपल्याकडे जुनाच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर (तिसरा) याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची वय व बळानुसार वर्गवारी केलेली आहे. स्पर्धेतल्या मनाचे प्रयोग मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले.

१८९८ मध्ये अमेरिकेतील नॉर्मन ट्रिप्लेट यांनी सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्याने सायकल चालवण्यापेक्षा बरोबर कोणी असेल तर वेग वाढतो, असे त्यांना दिसले. मग त्यांनी ४० मुलांना मासेमारीच्या गळाची दोरी गुंडाळायला दिली, कधी एकट्याने तर कधी जोडीने चुरशीत. चुरशीत २० मुलांचा वेग वाढला. १० मुलांवर फारसा परिणाम झाला नाही. उरलेली १० मुले मात्र चुरशीत उलट मंदावली. ‘स्पर्धेने काम सुधारते’ एवढेच पुढे पाठ्यपुस्तकांत आले आणि ती मंदावलेली दहा मुले विस्मरणात गेली. वाचकांनी ती लक्षात ठेवावीत, कारण आपल्याला पुन्हा त्यांच्याकडेच यायचे आहे.

राखीव खेळाडूंची साखर

भावनेचा शरीराशी असलेला धागा वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने उलगडला. १९१३ च्या हंगामातील अखेरच्या अटीतटीच्या सामन्यानंतर हार्वर्ड विद्यापीठाच्या फुटबॉल चमूतील २५ खेळाडूंची लघवी तपासण्यात आली. १२ जणांच्या लघवीत साखर आढळली. त्यांपैकी ५ जण राखीव होते, म्हणजे ते मैदानात उतरलेच नव्हते! खेळण्याचे श्रम नव्हते, होती ती फक्त उत्कंठा. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन स्रवते, यकृतातली साखर रक्तात येते, हृदयाचे ठोके वाढतात, आतड्यांचे काम मंदावते. शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते. कुस्तीपूर्वी पोटात गोळा येतो तो भित्रेपणामुळे नव्हे. ती शरीराची तयारीच असते.

उंदरांपासून मल्लांपर्यंत

ही तयारी किती असावी? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९०८ सालच्या एका प्रयोगाचा दाखला दिला जातो. यर्क्स व डॉडसन यांनी उंदरांना काळी व पांढरी पेटी ओळखायला शिकवले. काळ्या पेटीत शिरले, की विजेचा झटका बसे. फरक ओळखणे सोपे असताना झटका जितका जोरदार तितके उंदीर लवकर शिकले. ओळखणे कठीण केल्यावर मात्र मध्यम झटका सर्वांत उपयोगी ठरला. पुढच्या पिढ्यांनी ‘झटक्या’च्या जागी ‘ताण’ आणि ‘शिकण्या’च्या जागी ‘कामगिरी’ हे शब्द घातले आणि आलेख टेकडीसारखा काढला: ताण वाढला की कामगिरी चढते, शिखर गाठते आणि मग उतरते. कल्पना उपयुक्त आहे, पण मूळ प्रयोग उंदरांच्या शिकण्याचा होता, हे विसरू नये.

१९७१ मध्ये मनःस्थिती मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात ताण, उदासी, राग, उत्साह, थकवा व गोंधळ असे सहा घटक होते. विल्यम मॉर्गन यांनी ती अमेरिकेच्या ऑलिंपिक दर्जाच्या कुस्तीगीरांसह अनेक खेळाडूंना दिली. यशस्वी खेळाडूंचा उत्साह सरासरीच्या वर होता, तर बाकी पाच घटक सरासरीच्या खाली होते. पाण्याबाहेर टोक काढलेल्या हिमनगासारखा हा आलेख म्हणून त्याला ‘हिमनग आलेख’ म्हणू लागले. पण १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अधिक यशस्वी व कमी यशस्वी खेळाडूंमधल्या फरकाचा एक टक्क्याहूनही कमी भाग या आलेखाने उलगडत होता. त्यामुळे या प्रश्नावलीवरून संघ निवडणे चुकीचे ठरेल.

त्याच वर्षी ब्रिटनमधील कराटेपटूंच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जिंकणाऱ्यांमध्ये ताण व गोंधळ कमी होता, पण राग अधिक होता! याचा एक खुलासा लेन व टेरी यांनी २००० साली सुचवला. उदासी नसेल तर राग प्रतिस्पर्ध्याकडे वळतो आणि बळ देतो. उदासी असेल तर तोच राग स्वतःकडे वळतो आणि खेळाडू खचतो. म्हणजे आधीच हिरमुसलेल्या मुलाला डिवचून ‘पेटवणे’ त्याला आणखी खाली ढकलू शकते.

ज्याची त्याची पट्टी

लेनिनग्राडचे युरी हानिन १९७० च्या दशकात सोव्हिएत खेळाडूंबरोबर काम करत होते. त्यांनी साधा प्रश्न विचारला: सर्वांसाठी एकच शिखर का असावे? प्रत्येक खेळाडूच्या उत्तम कामगिरीपूर्वीचा चिंतेचा गुणांक त्यांनी पाहिला आणि त्याच्या खाली-वर चार गुणांची पट्टी आखली. कोणाची पट्टी खाली, तर कोणाची बरीच वर होती. काहींना भरपूर धडधड लागते, काहींना शांतता. ट्रिप्लेटची विस्मरणात गेलेली दहा मुले अशी परत आली.

तरीही सगळा निकाल मनावर सोडू नये. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅट नवी होती. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर त्यांना पुरेशी विश्रांती न मिळताच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले, आणि नियमाप्रमाणे विश्रांती मागायला तिथे भारतीय अधिकारी हजर नव्हता, असे सांगितले जाते. हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले होते, ही आठवणही प्रसिद्ध आहे. मन कितीही खंबीर असले, तरी मॅट, विश्रांती आणि पाठीशी उभे राहणारे माणूस यांची जागा ते घेऊ शकत नाही.

शाळेत यातून एक छोटा उपक्रम करता येईल. कुस्ती, कबड्डी किंवा धावणे, कोणत्याही स्पर्धेपूर्वी मुलाने धडधड किती आहे ते ० ते १० पैकी एका आकड्यात वहीत लिहावे. स्पर्धेनंतर निकाल न लिहिता ‘मी माझ्या मानाने कसा खेळलो’ याचे गुण लिहावेत. आठ-दहा नोंदी झाल्या, की त्याला स्वतःची पट्टी अंदाजाने दिसू लागेल. वही मुलाचीच राहावी. ती फळ्यावर मांडू नये, दुसऱ्याच्या वहीशी ताडू नये आणि तिच्यावरून संघही निवडू नये.

उर्से परिसरातला तो जांभया देणारा मुलगा कदाचित स्वतःच्या पट्टीतच बसला होता. त्याने त्या दिवशी कोणाचेच ऐकले नाही, हे बरे झाले. पण अशी किती मुले आपले ऐकून स्वतःची पट्टी सोडत असतील?