‘मजकूर’चे वंशज

तक्त्यात तालुक्याच्या रकान्यात ‘हवेली, हवेली, हवेली’ असं खालोखाल आलं की आपण छोटासा कोड लिहितो: वरच्या ओळीतलं नाव लक्षात ठेव, तेच पुन्हा आलं तर खालचा चौकोन काढून वरचा एका ओळीने वाढव. वेबपानांवर ही सोय ‘रोस्पॅन’ करतं. डेव्ह रॅगेट यांच्या १९९६ च्या तक्ता-मसुद्यात ते आहे. पण इतिहास तिथून सुरू करणं मला पटत नाही.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद पाहा. गावाचं नाव एकदा येतं, पुढे ‘मौजे मजकूर’. वर्ष एकदा, मग ‘साल मजकूर’. महिना एकदा, मग ‘माहे मजकूर’. मूळ अरबी, अर्थ ‘उल्लेखलेला’. आता इंग्रजांचा ‘डिट्टो’ घ्या. तो इटलीतला, अर्थ ‘सांगितलेला’, आणि तोही आधी वापरात आला तो तारखांत महिन्याचं नाव पुन्हा लिहायला नको म्हणूनच! एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या दोन कारकुनांनी एकाच कंटाळ्यावर एकच उतारा काढला.

कुणी म्हणेल, ही कंपनी सरकारची शिकवण. छे! ‘मजकूर’ आदिलशाही कागदांतही आहे. यादीत आपण ओढतो ती ‘-॥-’ खूण मात्र साहेबाची असावी. आपण तिला दंडाचा वेश दिला, असा माझा तर्क.

‘रोस्पॅन’चा पूर्वज म्हणून दुसरा दावेदार छापखान्यातला महिरपी कंस, अनेक ओळी एका नावाखाली बांधणारा. आमच्या महसुलात त्याला थारा मिळणं कठीण. सातबाऱ्यावर नावाला कंस झाला म्हणजे ते नाव कमी झालं!

शिवाय कोडचा स्वभाव ‘मजकूर’चाच आहे. तो फक्त वर पाहतो. म्हणून आधी क्रम लावावा लागतो, नाहीतर हवेली दोन ठिकाणी वेगळी उरते. आणि हवेलीच्या शेवटी ‘वडगाव’, लगेच मावळच्या सुरुवातीलाही ‘वडगाव’ आलं, तर भाबडा कोड दोन्ही गावं एक करतो. गाव जोडण्याआधी तालुका तोच आहे ना, हे तपासायलाच हवं.

‘मजकूर’ लिहिलेली ओळ निदान आपला संदर्भ सांगते. काढलेला चौकोन काहीच सांगत नाही. तेव्हा जोडाजोड छपाईच्या प्रतीतच करा, मूळ तक्ता अखंड ठेवा. एक्सेलमध्ये चौकोन जोडले की वरचा डावा मजकूर तेवढा उरतो, बाकीचा जातो.