काठी आणि पट्टी : वऱ्हाडातल्या दारावरच्या माणसाचा इतिहास

डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. मंचावर कोण होते, हे इतिहासाने नोंदवले. मांडवाच्या दारावर कोण उभे होते, हे मात्र कुणी फारसे लिहून ठेवले नाही. अंबादेवीचे नवरात्र, बहिरमची महिनाभराची जत्रा, अकोल्याच्या राजराजेश्वराची श्रावणातली कावड, अशा गर्दीत वऱ्हाड वाढला. म्हणून या दारावरच्या माणसाचा माग काढावासा वाटला.

त्याचे पहिले शिक्षण आखाड्यात झाले. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. हा गौरव सर्वांना ठाऊक आहे. पण आखाड्यात लाठीबरोबर आणखी एक विद्या असते. लचकलेला पाय, निखळलेला खांदा, मुका मार, घेरी हे सारे उस्तादाला रोज पाहावे लागते. माझ्या मते, गर्दी आवरणारा आणि पडलेल्याला उचलणारा हात आपल्याकडे मुळात एकच होता.

पुढे या विद्येला पुस्तकी जोड मिळाली. इंग्लंडात १८७७ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग हिंदुस्थानात पोचले. हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवादलाची पायाभरणी केली. दलाच्या शिबिरांत कवायत आणि प्रथमोपचार शेजारीशेजारी शिकवले जात. स्वयंसेवकाच्या हातात काठी असे, तशी झोळीत पट्टीही असे.

ही जोडी पुढे फुटली. मंगल कार्यालये, लॉन, मॉल, शिकवणी वर्ग वाढले आणि दारावर एजन्सीचा गणवेशातला गार्ड आला. काठी त्याच्याकडे राहिली, पट्टी दवाखान्याकडे गेली. महाराष्ट्राच्या १९८१ च्या सुरक्षारक्षक कायद्याने रोजगार आणि कल्याणाचा प्रश्न हाती घेतला, तेही गरजेचेच होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर २००६ मध्ये आदर्श नियम आले. त्यांत नव्या गार्डासाठी १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष, असे किमान २० कामाच्या दिवसांचे प्रशिक्षण सांगितले. विषयांत आग विझवणे, गर्दी नियंत्रण आणि प्रथमोपचार हे तिन्ही होते. फुटलेली जोडी कायद्याने कागदावर पुन्हा जुळवली.

प्रत्यक्षात काय? “कुणी कोसळला तर काय कराल?” असे मी दारावरच्या गार्डांना विचारत असतो. बहुतेकांचे उत्तर एकच : “१०८ ला फोन करू, साहेब.” उत्तर बरोबर आहे, पण अर्धे. २०१४ पासून ही सेवा आपल्याकडे आहे. तरी हृदय थांबल्यावर चारेक मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि कावडीच्या गर्दीतून गाडी तेवढ्यात पोचत नाही. गार्ड मात्र दहा पावलांवर असतो. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देणे त्याला जमायला हवे. अकोल्याच्या उन्हात तर बरळू लागलेल्या माणसाला सावलीत नेऊन अंग ओले करणे, वारा घालणे आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी न ओतणे हेही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या सोहळ्यात उष्माघाताने माणसे गेली, ती आठवण ताजी आहे.

ही विद्या एकदा शिकून संपत नाही. १९०३ च्या शेफर पद्धतीत माणसाला पालथे घालून पाठ दाबत. १९३२ मध्ये नील्सनची रीत आली. १९६० मध्ये बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी छातीवरचा दाब सिद्ध केला. आजोबांची पट्टी नातवाला जशीच्या तशी चालत नाही.

तुळशीच्या लग्नानंतर कार्यालये गजबजतील. गार्ड ठरवताना आपण माणशी दर विचारतो. सोबत एवढे विचारावे : यांपैकी कुणी पुतळ्यावर छाती दाबण्याचा सराव केला आहे, आणि शेवटचा कधी?