वऱ्हाडांतील दोन निशाणें

बुलढाणा जिल्ह्यांतील पिंपळगांव राजा हें गांव ज्या वऱ्हाडांत मोडतें, तेथें सरकारी निशाणाच्या जोडीस दुसरें कोणाचें निशाण असावें, हा प्रश्न एके काळीं कराराच्या कलमानें सोडवावा लागला. निशाण म्हणजे केवळ शोभेची वस्तु, असें मानणारांनीं हें प्रकरण अवश्य पाहावें.

ता. २१ मे १८५३ च्या तहानें निजामानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १९०२ सालीं लॉर्ड कर्झन यानें सालिना २५ लक्ष रुपये खंडावर तें कायम इजाऱ्यानें घेतलें. निजामाचें स्वामित्व मात्र कागदोपत्रीं मान्य केलें. पुढें ता. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारानें ब्रिटिश निशाणासोबत आपलें निशाण वऱ्हाडांत उभारण्याचा हक्क निजामास मिळाला, व त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी लाभली. कारभार नागपूरच्या सरकाराकडे राहिला. निजामाकडे राहिलें तें नांव, खंड आणि निशाण. सनदेवरील शिक्क्याचें जें काम, तेंच येथें निशाणाचें होय. शिक्के दोन उमटले, परंतु रयतेची संमति कोणीं घेतली नाहीं.

याच्या उलट उदाहरण १९२३ सालच्या झेंडा सत्याग्रहाचें. जबलपूरच्या नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय सभेचें निशाण लावण्यावरून वाद उपस्थित झाला. ता. १ मेपासून नागपुरास स्वयंसेवक चरख्याचें निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जात व पकडले जात. जमनालाल बजाज यांस अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल यांनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि ता. १८ ऑगस्ट रोजीं मिरवणूक त्याच रस्त्यानें गेली. या निशाणामागें लोक होते, करार नव्हता.

ता. २२ जुलै १९४७ रोजीं घटना समितीनें राष्ट्रध्वज ठरविला, तेव्हां चरख्याच्या जागीं अशोकचक्र आलें. राष्ट्राचें व पक्षाचें निशाण हीं त्यायोगें दिसण्यांतहि भिन्न झालीं. हा भेद पाळण्यासारखा आहे. सरकारी इमारत सर्व रयतेची. तीवर एका पक्षानें आपलें निशाण लावणें म्हणजे सामाईक दस्तावर एकट्याचा शिक्का उठविणें होय. ज्यांच्या संग्रहीं वऱ्हाडच्या कचेऱ्यांतील त्या काळचे हुकूम वा निमंत्रणपत्रें असतील, त्यांनीं तीं क्षुल्लक समजून टाकूं नयेत. स्वामित्वाचे वाद अशाच कागदांत नोंदलेले असतात.