मध्यस्थाची बाजू

हर्सूल हा आता छत्रपती संभाजीनगर शहराचाच भाग झाला आहे. बाहेरच्या माणसाला हे नाव ठाऊक असते ते तलावामुळे, नाहीतर मध्यवर्ती कारागृहामुळे. मी राहतो ते या भागात. इथून एका दिवसात दोन गावे पाहून होतात. पश्चिमेला वैजापूर तालुक्यातले पालखेड आणि दक्षिणेला पैठणजवळचे, गोदाकाठचे मुंगी. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस पालखेडला बाजीरावाने निजामाला कोंडले आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. आपल्या इतिहासलेखनात पालखेडच्या वाट्याला पाने येतात, मुंगीच्या वाट्याला चार ओळी. मला मात्र तहाचे प्रकरण अधिक विचार करायला लावते, कारण या युद्धाच्या मुळाशी मध्यस्थीच होती.

वाद भावकीचा होता. शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र. १६८९ ते १७०७ अशी अठरा वर्षे ते मोगलांच्या कैदेत होते. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटून आले ते थेट गादीच्या भांडणात. राजाराम महाराजांच्या पश्चात ताराबाईंनी आपल्या मुलाच्या नावाने राज्य चालवले होते. १७१४ मध्ये कोल्हापूरकडे सत्तापालट झाला आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर बसले. एक गादी साताऱ्याला, दुसरी कोल्हापूरला, आणि दोन चुलतभावांपैकी छत्रपती कोण हा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला.

त्यात पैशाचा प्रश्न होता. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून सनदा आणल्या. त्यानुसार दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई आणि सरदेशमुखी, म्हणजे शेकडा पंचवीस अधिक दहा, असा हक्क शाहूंना मिळाला. त्या सुभ्यांचे प्रमुख ठाणे औरंगाबाद. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिझखानाला मारून निजाम-उल-मुल्क दख्खनचा खरा धनी झाला, तेव्हा ही वसुली त्याच्या डोळ्यांत सलू लागली. उघड नाकारावी तर बादशाही सनद आडवी येते. म्हणून त्याने फार हुशारीची वाट काढली. तुमच्यात खरा छत्रपती कोण हेच ठरलेले नाही, तेव्हा पैसा द्यायचा कोणाला? दोघांनी आपापले पुरावे माझ्यापुढे मांडावेत, मी निवाडा करतो. तोवर वसुली जप्त.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. वादग्रस्त माल निकाल लागेपर्यंत तिऱ्हाइताने सांभाळावा, हा कोणत्याही न्यायाचा साधा नियम आहे. खोच आहे ती पुढे. हा तिऱ्हाईत तिऱ्हाईत नव्हताच. जप्त केलेला पैसा त्याच्याच खजिन्यात पडून राहणार होता. निवाडा जितका लांबेल तितका त्याचा फायदा, आणि निवाडा कधीच झाला नाही तर सर्वांत जास्त.

निजामाची ही मध्यस्थी मराठ्यांच्या स्वतःच्या रीतीशी ताडून पाहण्यासारखी आहे. वतनाचा, पाटीलकीचा, शिवेचा वाद गोतसभेपुढे जाई. सभा बसण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे पद सोडण्याचे पत्र. तेव्हा त्याचा अर्थ शब्दशः होता. या सभेचा निवाडा मानायला आम्ही राजी आहोत, असे ते लेखी वचन. त्यामागे जामीनही लागे. एखाद्या पक्षाला वाटले की इथले गोत समोरच्याकडे झुकलेले आहे, तर तो दुसरे थळ मागू शके आणि वाद दुसऱ्या गावच्या सभेपुढे जाई. शेवटी हरणाऱ्याकडून येजितखत घेत, म्हणजे आपला दावा खोटा ठरला याची त्याच्याच हातची कबुली. आधी राजीपणा, मध्ये थळ नाकारण्याची मुभा, अखेरीस हरलेल्याची सही. या तीन पायऱ्यांमुळे निवाडा बाहेरून लादल्यासारखा राहत नसे.

निजामाच्या लवादाला यातली एकही पायरी नव्हती. शाहूंनी राजीनामा दिला नव्हता आणि थळ नाकारायची सोयही नव्हती. संभाजी तर निजामाच्याच छावणीत जाऊन बसले होते. साताऱ्याच्या दरबारातही एकमत नव्हते. हैदराबादेच्या भागातील चौथाईऐवजी रोख आणि जहागीर घ्यावी, असे बोलणे प्रतिनिधींनी निजामाशी केले होते आणि बाजीरावाला ते मान्य नव्हते. कारण उघड आहे. आज एका भागाचा हक्क रकमेत मोडला, तर उद्या हक्कच मोडीत निघतो.

१७२७ चा पावसाळा सरताच बाजीराव निघाला. जालना-सिंदखेडचा मुलूख लुटून तो वऱ्हाडाकडे गेला, तिथून बुऱ्हाणपूरची हूल देत गुजरातेत उतरला. इकडे निजामाने पुणे घेतले आणि तिथे संभाजींना छत्रपती म्हणून बसवले. निवाडा करू म्हणणाऱ्याने पुरावे न पाहताच निकाल दिला होता! बाजीराव पुणे वाचवायला धावला नाही, औरंगाबादेच्या रोखाने वळला. स्वतःचे ठाणे धोक्यात आलेले पाहून निजाम पुणे सोडून निघाला. जड तोफा मागे राहिल्या आणि पालखेडजवळ अन्नपाणी तोडलेल्या अवस्थेत तो अडकला.

इथून पुढचा भाग वाटाघाटीच्या अभ्यासकाने मुद्दाम वाचावा असा आहे. निजामाच्या बाजूने ऐवजखानाच्या मार्फत बोलणी सुरू झाली. बाजीरावाने थकबाकी मागितली, वसुलीच्या हमीसाठी ठाणी मागितली आणि संभाजींना स्वाधीन करा असेही म्हटले. ग्रँट डफ सांगतो की निजामाने बाकी सारे कबूल केले, एवढे एक कलम सोडून. आश्रयाला आलेल्याला शत्रूच्या हाती देणे त्याच्या इभ्रतीला सोसणारे नव्हते. आता बाजीराव अडून बसू शकत होता, कोंडी त्याच्याच हातात होती. पण त्याला काय हवे होते? संभाजींचा देह नव्हे. निजामाच्या हातातले ते प्यादे निघून जायला हवे होते. तोडगा निघाला तो असा: संभाजींना सुखरूप पन्हाळ्याला पोचवावे, पुढचे मराठे पाहून घेतील. निजामाची इभ्रत राहिली, बाजीरावाचे काम झाले. शाहू हेच छत्रपती, हे निजामाला मान्य करावे लागले.

मागणी आणि गरज यांत फरक करा, असे रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली आपल्या पुस्तकात मांडले आणि पुढे जगभर वाटाघाटी शिकवणाऱ्यांनी ते उचलले. मुंगीला त्याचा धडा अडीचशे वर्षे आधी गिरवला गेला होता.

तरीही या तहाचे कौतुक बेतानेच करावे लागते. मनगट पिरगाळून घेतलेली ती कबुली होती. निजामाने पुढे सेनापती दाभाड्यांशी संधान बांधले. १ एप्रिल १७३१ ला डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले, आणि १७३७ च्या अखेरीस भोपाळला बाजीरावाला निजामाला पुन्हा कोंडावे लागले.

मूळ भांडण मिटले ते वेगळ्या ठिकाणी. १७३० मध्ये वारणाकाठी संभाजींचा पराभव झाला. त्यानंतर शाहूंनी त्यांना संपवले नाही, भेटीला बोलावले. कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघे भाऊ भेटले. १३ एप्रिल १७३१ ला, डभोईनंतर अवघ्या बारा दिवसांनी, वारणेचा तह झाला. नदी ही हद्द ठरली, दक्षिणेकडचा मुलूख संभाजींकडे राहिला, एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी असे ठरले. एकमेकांकडून फुटून येणाऱ्या चाकरांना थारा द्यायचा नाही, हेही कलम त्यात होते. हे शेवटचे कलम मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. भावांचे भांडण ज्यांच्यामुळे पेटते राहते, त्यांची वाट त्याने बंद केली.

वारणेच्या तहाला कोणी बाहेरचा पंच नव्हता. जिंकलेल्याने हरलेल्याला गादीसकट जागा दिली होती आणि हरलेल्याने ती पत्करली होती. त्यानंतर साताऱ्याची गादी १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा करीपर्यंत टिकली, कोल्हापूरचे संस्थान १९४९ मध्ये विलीन होईपर्यंत. दोन्हींचा शेवट झाला तो तिसऱ्याच सत्तांच्या हातून. एकीने दुसरीला गिळले नाही.

२००७ पासून आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली, २०२३ मध्ये देशाने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. समित्या, नियम, मुदती यांची तरतूद झाली, हे चांगलेच आहे. पण बांधाच्या किंवा वाटणीच्या वादात कोणी मधे पडायला आला, की आधी एक गोष्ट पाहावी: भांडण चालू राहिले तर याच्या खजिन्यात काय पडून राहते? उत्तर काहीही नाही असे असेल, तर खुशाल राजीनामा लिहून द्यावा, जुन्या अर्थाने.